कुंकवाचं बोट लावलेला नारळ

१७ नोव्हेंबर, रविवार

आज वर्गात नवं कोडं घातलं. एक माणूस भर दुपारी लोकांना अंधाऱ्या खोलीत उभं करतो, श्वास रोखायला लावतो, हलू देत नाही, आणि जाताना लोक त्याचे आभार मानतात. कसं? भिकनभाऊ लगेच म्हणाले, "दरोडेखोर." म्हटलं, अहो आभार मानतात! तर म्हणे, "जीव वाचला म्हणून." एक्स-रे काढणारा हे शेवटी मलाच सांगावं लागलं. मी सगळ्यांना पुन्हा बजावलं, उत्तराच्या मागे धावू नका. आपण काय गृहीत धरलं ते आधी शोधा. 'वाकडा विचार वर्ग' नाव उगाच नाही ठेवलं मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनीमंडळात जातात. मी यांच्या कापडदुकानाच्या माडीवर हा वर्ग काढला आणि दर रविवारी माडी भरते.

संध्याकाळी ज्योत्स्नावन्सं आल्या. तुळशीचं लग्न लागलं, आता स्थळं पाहायला मोकळ्या. तृप्तीसाठी त्यांच्याकडे भुसावळचं एक आहे, इंदूरचं एक आहे, नाशिकचं आहे. मी सांगून टाकलं, वन्सं, आजवर मुलींना विचारत आले, पोळ्या येतात का, चालून दाखव, गाऊन दाखव. माझ्या घरात मुलाची परीक्षा होईल. मी एक कोडं घालणार. ज्याला सुटेल तो माझा जावई. पगाराची अट नाही, गावाची अट नाही. पोरगी नाशिकला जावो की नागपूरला, माझी काही हरकत नाही. डोकं हवं बस.

वन्सं म्हणाल्या, "अलका, डोकं तुझंच फिरलंय." हे नेहमीसारखे "हूं" म्हणाले. तृप्ती सीएच्या ऑफिसातून दमून आली होती. तिनं विचारलं, "आणि मम्मी, मला काही विचारायचं असेल तर?" म्हटलं, तू पोहे दे.

कोडं मी ठरवलंय, स्वतःचं, कुठल्या पुस्तकातलं नाही. एक माणूस नवसाचा नारळ एका विहिरीत सोडतो. नारळावर कुंकवाचं वाकडं बोट ओढलेलं आहे. काही वेळानं तोच नारळ लांबच्या दुसऱ्या विहिरीत तरंगताना सापडतो. मधे कुणी हात लावलेला नाही. कसं?

उत्तर लिहून ठेवते, नंतर कुणी हुज्जत घातली तर दाखवता येईल. कुंडी भंडारा. आपल्या गावाबाहेर, वरून पाहिलं तर एका ओळीत वेगवेगळ्या विहिरी, खालून सगळ्या बोगद्यानं जोडलेल्या, पाणी एकीतून दुसरीत वाहतंय. किती सोपं! ज्याला एवढंही सुचत नाही त्यानं लग्नच करू नये.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भुसावळचा नापास. सांगतो काय, "माकडानं नेला असेल." मी विचारलं, माकड नारळ पळवून पुन्हा विहिरीत टाकेल? तर त्याची आई म्हणाली, "आमच्याकडे माकडं फार आहेत हो." मावा जिलेबी मात्र दोघांनी मन लावून खाल्ली.

इंदूरच्यानं तर मोबाइल काढला. मी म्हटलं, बाळा, ठेव तो खिशात. मग म्हणे, "काकू, सवालच गलत आहे." सवाल गलत! इंदूरची पोरं चटपटीत असतात असं ऐकून होते. याच्यात चटपटीत काही नव्हतं.

तृप्ती दोन्ही वेळा पोहे ठेवून आत गेली आणि पडद्याआड हसत उभी राहिली. मला बरं वाटलं, आई तिच्यासाठी केवढी झटतेय हे तिला कळतंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

नाशिकचा आला होता, स्वप्निल. द्राक्षांच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे, द्राक्षं तपासतो. दिसायला बेताचा, केस विंचरून न आल्यासारखे. आई साधी, बोलघेवडी. वडील नाहीत.

कोडं घातलं तर हा उत्तर द्यायचं सोडून मलाच उलट विचारत बसला. "काकू, तोच नारळ कशावरून?" म्हटलं, अरे कुंकवाचं वाकडं बोट आहे ना त्यावर. "पाण्यात कुंकू टिकतं?" मी म्हटलं, टिकलं असं धर. "बरं. मग नारळ हलला, की पाणी हललं?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, तू सांग. मग म्हणाला, "दोन्ही विहिरी वेगळ्या आहेत असं आपण धरून चाललोय. त्या वेगळ्या नसतील तर?" मी विचारलं, मग काय असतील? थोडा वेळ छताकडे पाहत बसला आणि म्हणाला, "ते मला नाही माहीत, काकू. बघायला लागेल."

बघायला लागेल! परीक्षेत कुणी असं लिहितं? नापास.

आज पहिल्यांदाच तृप्ती आत गेली नाही. दाराला टेकून उभी होती. पोह्यांवर लिंबू पिळायचं राहिलं म्हणून ती परत लिंबू घेऊन आली. नंतर पाणी घेऊन आली. नंतर बडीशेप. एवढी कामसू कधीपासून झाली कोण जाणे.

रात्री हे म्हणाले, "मुलगा बरा होता." मी म्हटलं, तुम्हाला सगळेच बरे वाटतात. हे "हूं" म्हणाले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तृप्तीला कोड्यांचा नाद लागलाय! जेवण झालं की फोन घेऊन गच्चीवर जाते. मी विचारलं कुणाशी एवढं बोलतेस, तर म्हणाली, "सायलीशी. कोडी घालतो एकमेकींना." सायली तिच्या ऑफिसातली मैत्रीण. शाळेत असताना ही मुलगी कोडं म्हटलं की पळून जायची. आईचे संस्कार उशिरा का होईना उगवतात.

वन्संना सांगितलं, नाशिकला नाही कळवा. त्या म्हणाल्या, "दोन दिवस थांबू?" म्हटलं, कशाला? त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी पेपरकडे पाहिलं.

१ डिसेंबर, रविवार

वर्गाला आज तृप्ती आली नाही. सायलीबरोबर फिरायला गेली होती. वर्ग आटोपून मी बाजारात गेले तर जिलेबीच्या दुकानात एक मुलगा पाठमोरा उभा. हुबेहूब तो नाशिकवाला, तेच न विंचरलेले केस. हाक मारणार होते. मग म्हटलं, तो कशाला येतोय इथे? नाशिकची माणसं साधारण सारखीच दिसत असावीत.

संध्याकाळी तृप्ती आली ती हातात अर्धी फोडलेली नारळाची वाटी घेऊन. विचारलं, हा कुठून? "कुंडी भंडाऱ्यावरून," म्हणाली. "तिथल्या चौकीदारानं विहिरीत टाकू दिला नाही. म्हणाला, ये क्या मंदिर है क्या? मग आम्ही फोडून खाल्ला." आणि हसायला लागली. माझ्या कोड्याची थट्टा करते गधडी! पण थट्टेसाठी का होईना, एवढी भंडाऱ्यापर्यंत गेली. सायलीसुद्धा किती हौशी. उद्या त्या अर्ध्या वाटीची चटणी करते.

५ डिसेंबर, गुरुवार

सापडला! सापडला! सापडला!

शाहपूरचा रितेश. केळीचा मोठा व्यापार, घरचे ट्रक. कोडं माझ्या तोंडातून पूर्ण बाहेरही पडलं नव्हतं. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता, मान वर न करताच म्हणाला, "काकू, ये तो अपना कुंडी भंडारा है ना? इसमें क्या है, इथला बच्चा भी बता देगा."

केवढं हे डोकं! आणि वर केवढा नम्रपणा, म्हणे बच्चा भी बता देगा. मी टाळीच वाजवली. मोबाइल मात्र त्यानं शेवटपर्यंत ठेवला नाही, पण भावाचा दिवस होता, केळीचा भाव विचारत असणार. तृप्तीला एकच प्रश्न विचारला, "नौकरी तो छोड दोगी ना?" तृप्ती काही बोलली नाही. लाजली असेल.

आणि शाहपूर म्हणजे काय, हाकेच्या अंतरावर. सकाळी वाटलं तर दुपारी लेकीकडे जेवायला. अर्थात गावाची अट मी कधीच घातली नव्हती, योगायोगानं जवळचं निघालं एवढंच.

त्यांना धनुर्मास लागायच्या आत सुपारी फोडायची आहे. तेरा तारखेचा शुक्रवार ठरला. मी हो म्हणून टाकलं.

७ डिसेंबर, शनिवार

काल तृप्ती जेवली नाही. आजही भाकरी चिवडत बसली. मी विचारलं, काय गं, पोट बिघडलं? तर म्हणाली, "मम्मी, एक कोडं घालू?"

मला काय, आनंदच झाला. ती म्हणाली, "एका घराची सगळी दारं उघडी आहेत. कुणी कुलूप लावलेलं नाही, कुणी अडवत नाही. घरातल्या मुलीला बाहेर जायचंय. तरी तिला जाता येत नाही. का?"

मी पद्धतशीर सुरुवात केली. मुलगी आजारी? नाही. पाळण्यातली? नाही. भिंतीवरचा फोटो? नाही. बाहेर पूर आलाय? नाही. मग मला सुचलं, दारात कुणी बसलंय का? तृप्तीनं हातातली भाकरी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."

मी म्हटलं, कुत्रा!

तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, नाक ओढत राहिली. "नाही मम्मी, कुत्रा नाही," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. किती दिवसांनी एवढी हसली पोर! कोडं मात्र छान आहे. दारात बसलंय पण अडवत नाही. गाय? जावयाच्या आधी मी हे सोडवून दाखवणार.

८ डिसेंबर, रविवार

आजचं लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

वर्गात मी मोठ्या रुबाबात सांगितलं, जावई मिळाला, आणि कोणत्या कोड्यावर मिळाला तेही ऐका. नारळाचं कोडं घातलं. माझं वाक्य पुरं होण्याआधी सगळी माडी एका सुरात ओरडली, "कुंडी भंडारा!" भिकनभाऊ पोट धरून हसले. "मॅडम, हे कोडं नाही, हा तर पत्ता झाला!"

एकटी गायत्री गप्प. ती नवीन आहे, नवरा बँकेत, चंद्रपूरहून बदली होऊन आलेत. एरवी वर्गातली सगळ्यात हुशार तीच. एक्स-रेवाल्याच्या वेळी नव्हती म्हणून, नाहीतर मला सांगावं लागलं नसतं. मी विचारलं, गायत्री, तुला नाही सुटलं? ती ओशाळून म्हणाली, "कसं सुटेल मॅडम? मी इथली नाही ना."

मी म्हटलं, असो, पुढचं कोडं घेऊ. पण पुढचं कोडं आठवेना. डोळ्यांसमोर ती पोरं यायला लागली. भुसावळचा माकडवाला. इंदूरचा, सवाल गलत आहे म्हणणारा. बरोबरच म्हणत होता की पोरगा. आणि तो नाशिकचा, विहिरी वेगळ्या नसतील तर म्हणाला होता. भंडारा जन्मात न पाहता. आणि मी त्याला नापास केलं.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, अहो, माझं कोडं चुकलं. हे कधी नव्हे ते पेपर खाली ठेवून बोलले.

"तुझं कोडं?"

"मग कुणाचं?"

"माझं. तू अमळनेरहून नवी नवी आलीस, तेव्हा तुला भंडारा दाखवायला नेलं होतं. तिथंच घातलं होतं मी. काय म्हणालीस आठवतं?"

मला खरंच आठवेना.

"म्हणालीस, नारळ चोरीला गेला असणार, तुमच्या गावात चोर फार आहेत." हे हसले. "तरी ठेवून घेतली मी तुला."

एवढं बोलून पुन्हा पेपर उचलला. जगात इतकी कोडी आहेत, मला स्वतःला शेकड्यानं येतात. त्यांतून मी नेमकं हेच का उचललं? बाहेरगावच्या एकालाही येऊ नये असं?

आणि मग पोरीचं कोडं सुटलं. दारात कोण बसलंय ते कळलं. कुत्रा म्हणाले मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ डिसेंबर, सोमवार

मला तृप्ती जायला नको आहे. घ्या, लिहून टाकलं. ती गच्चीवर गेली तरी मी खालून दोनदा हाक मारते. सकाळी तिचा डबा भरताना मी तिच्याशी बोलते ना, ते बंद झाल्यावर मी त्या ओट्यापाशी कुणाशी बोलणार? हे तर "हूं" म्हणतात. पण हे सरळ सांगायचं सोडून मी दारात बसले, आणि वर मिरवत राहिले की अट कसली नाही!

लोकांना सांगायचं, आपण काय गृहीत धरलं ते शोधा. वा अलकाबाई.

शाहपूरला फोन करायची वन्संची हिंमत होईना. मीच केला. म्हटलं, मुलीच्या मनात नाही, चूक माझी, राग माझ्यावर काढा. रितेशच्या आईनं काढला. चांगला अर्धा तास काढला. मी ऐकून घेतलं.

मग नाशिकला लावला. स्वप्निलची आई म्हणाली, "अहो, आम्हाला वाटलं तुमच्याकडून नाहीच." मी म्हटलं, मुलाला पुन्हा घेऊन या. फेरपरीक्षा आहे.

तृप्ती दारामागून ऐकत होती. येऊन गळ्यात पडली. मी म्हटलं, बाजूला हो, दूध उतू जातंय. गॅसवर दूध नव्हतंच.

१४ डिसेंबर, शनिवार

आले. आज त्याचे केस विंचरलेले होते, तेवढा चुकलाच.

मी मुद्दाम समोर बसवून तेच कोडं घातलं. एका विहिरीतला नारळ दुसऱ्या विहिरीत, कसा? बिचारा तृप्तीकडे बघतो, आईकडे बघतो, छताकडे बघतो. त्या रविवारची 'सायली' म्हणजे हाच, उत्तर तर त्याला पाठ असणार, चौकीदाराच्या शिव्यांसकट. पण सांगितलं तर भंडारा पाहिला कधी, कुणाबरोबर, ते निघेल. घाम फुटला त्याला. शेवटी म्हणाला, "नाही येत, काकू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वन्संनी तर देवाला हात जोडले.

मी त्याच्या बशीत जिलेबी वाढायला वाकले आणि हळूच म्हटलं, "कुंडी भंडारा."

"काय?"

"उत्तर. मोठ्यानं सांग आता."

"कुंडी भंडारा," तो म्हणाला. "विहिरी खालून एकच आहेत."

"पास," मी म्हटलं. "पाहिलायस का रे कधी?"

"नाही, काकू." सरळ माझ्या डोळ्यांत बघून! खोटं बोलता येतं त्याला बऱ्यापैकी, माझ्या घरात निभेल. तृप्तीला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापटलं आणि म्हटलं, सावकाश गं, नारळाची चटणी तिखट झालीय का? तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की मला कळलंय.

मग यांनी पेपर ठेवला आणि सुपारी मागवली. धनुर्मास लागायच्या आत उरकलंच. स्वप्निलच्या आईनं तृप्तीची ओटी भरली. घरातला नारळ मीच आणून दिला. कुंकू लावायची पाळी माझी आली तेव्हा बोट निसटलं आणि तिच्या कपाळावर तिरपी रेघ उमटली.

वन्सं म्हणाल्या, "अगं, वाकडं लागलं! पूस आणि नीट लाव." तृप्तीनं पदर कपाळाकडे नेला. मी तिचा हात धरला.

"राहू दे," म्हटलं. "नाशिकला निघाली तरी ओळखू येईल."